दादाचं वजन

आमचा धंदा वजनकाटे तपासण्याचा. दुकानं, गोदामं, दवाखाने, कारखाने, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे आमचा माणूस वर्षातून एकदा पितळी वजनांची पेटी घेऊन जातो. काट्यावर एकेक वजन ठेवतो, काटा काय दाखवतो ते लिहून घेतो, चुकत असेल तर दुरुस्त करतो आणि सील लावून परत येतो. वडिलांनी सुरू केलेलं काम. त्यांच्यामागे माझा थोरला भाऊ, दादा, ते बघतो आणि ऑफिस मी सांभाळते. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. रबराचा वास जिन्यातूनच सुरू होतो, तो आम्हाला आता येत नाही, पाहुण्यांना येतो. पुढच्या खोलीत माझं टेबल, संगणक आणि फायलींचं कपाट. मागच्या खोलीत दुरुस्तीचा ओटा आणि एक मोठा काटा, ज्याच्या पाट्यावर माणूस आरामात उभा राहील.

कामाला दोघं. मिस्त्री साठीला टेकलेले, वडिलांच्या वेळेपासूनचे. पितळी वजन कुणी उघड्या हाताने धरलेलं दिसलं की अंगावर धावून येणार, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं होतं असं त्यांचं म्हणणं. दुसरा मौनी. खरं नाव वेगळं, पण तो झोपेतसुद्धा बोलतो असं त्याची बायकोच सांगते, म्हणून मौनी.

कामं चिठ्ठ्यांवर चालायची आणि चिठ्ठ्या हरवायच्या. एके दिवशी मिस्त्री आणि मौनी दोघंही एकाच गिरणीत जाऊन उभे राहिले आणि ज्या दवाखान्याला आम्ही शब्द दिला होता तिथे कुणीच पोचलं नाही. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता इंट्रानेट घ्यायचं. म्हणजे आमच्या चौघांपुरतं एक खासगी पोर्टल. कोण कुठे आहे, कुणाचं काम कुठवर आलं, कुणाची सुट्टी कधी, सगळं प्रत्येकाच्या फोनवर.

"चार माणसं आपण," दादा म्हणाला. "हाक मारली की ऐकू येतं. हे नसतं लचांड कशाला?"

"तुझी हाक ऐकू येते रे, पण तुझं अक्षर वाचता येत नाही."

यावर तो हसला, म्हणजे परवानगी मिळाली.

पोर्टलवर आमच्यासाठी एक फॉर्म बनवून घेतला. ग्राहक, ठेवलेलं वजन, दिसलेलं वजन, फरक, शेरा. एक अट मी मुद्दाम घालायला लावली: नोंद एकदा जतन झाली की कुणालाही बदलता येऊ नये, मलासुद्धा. आमच्या धंद्यात मागाहून आकडा बदलणं म्हणजे पाप.

दोन महिने दृष्ट लागावी असं चाललं. मिस्त्री एका बोटाने, विंचवाला हात लावल्यासारखे टाइप करत, पण करत. मौनी शेऱ्याच्या रकान्यात निबंध लिहायचा. दादा जिना चढता चढता फोनवर आजची कामं बघायचा आणि वर येऊन मलाच सांगायचा.

पहिली विचित्र नोंद एका मंगळवारी दिसली. ग्राहकाचा रकाना रिकामा. ठेवलेलं वजन, रिकामं. दिसलेलं वजन ७१.३५ किलो. शेरा, 'स्थिर'. काट्यावरचा आकडा लुकलुकायचा थांबला की आम्ही हा शब्द लिहितो. नोंद ऑफिसच्या संगणकावरून, सकाळी नऊ वीसला. नऊ वीसला मी टेबलाशी बसून डाक उघडत होते आणि संगणक अजून सुरूही केला नव्हता.

"एकाहत्तर म्हणजे आपले मिस्त्री!" मौनी ओरडला. "मिस्त्री, तुम्हाला कुणीतरी विकायला काढलंय. चढा बघू."

मिस्त्रींनी चपला काढल्या आणि गमतीगमतीत मोठ्या काट्यावर उभे राहिले. आकडे लुकलुकले आणि थांबले. ७१.३५.

मौनीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मिस्त्री खाली उतरले, माठातलं पेलाभर पाणी प्यायले आणि पुन्हा चढले. आता ७१.५५.

"बघा," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माणूस म्हणजे पितळ नव्हे, ताई. पाणी प्यायला, घाम आला, की आकडा हलतो. मग नेमका तो आकडा आधीच कुणी कसा लिहिला?"

त्याच आठवड्यात आणखी तीन नोंदी आल्या. एक मौनीची. एक माझी; ती मी मागच्या खोलीचं दार लावून एकटीने पडताळली आणि कुणाला सांगितलं नाही. एक दादाची, ७८.६४. सगळ्यांपुढे शेरा 'स्थिर'.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पोर्टल बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडची बाई समजूतदार होती. तिने नोंदी उघडून बघितल्या.

"तुमच्याच संगणकावरून आहेत," ती म्हणाली. "पासवर्ड बदलून टाका. आणि मॅडम, जे कोणी भरतंय त्यांना टायपिंगची सवय दिसत नाही. एकेका आकड्याला मिनिट मिनिट लागलंय. लिहून खोडलंय, पुन्हा लिहिलंय."

मला लगेच मिस्त्रींचं ते एक बोट आठवलं.

"आणखी एक," ती म्हणाली. "जतन केल्यावर पान बंद केलेलं नाही. अर्धा अर्धा तास तसंच उघडं ठेवलंय. वाचत बसल्यासारखं."

मी मिस्त्रींना विचारलं. विचारायला नको होतं. त्यांनी वजनांची पेटी उचलली आणि कामाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी आल्यावर म्हणाले, "तुमच्या वडिलांनी मला कधी असं विचारलं नव्हतं." मी त्यांची माफी मागितली. पासवर्ड बदलला, आणि घरी जाताना संगणकाची वायर काढून पर्समध्ये टाकली.

पुढच्या मंगळवारी एकच नोंद होती. दिसलेलं वजन ७७.१०. फरक, उणे १.५४. शेरा बदललेला: 'काम चालू'.

दादा काट्यावर चढला. ७७.१०.

"वा! दीड किलो गेलं!" त्याने पोटावर थाप मारली. "आणि मी तर काहीच केलं नाही. तरीच गुडघे दुखायचे थांबलेत."

त्याच्या पुढच्या मंगळवारी ७२.८५. मग ६४.२०.

आता कुणी गंमत करत नव्हतं. कारण दादा बारीक झाला नव्हता. तेच गोबरे गाल, तेच पोट, पट्टा त्याच भोकात. जेवण पूर्वीसारखंच. मिस्त्रींनी मोठा काटा दोनदा उघडून तपासला, पेटीतली सगळी पितळी वजनं चढवून बघितली. वीस किलोला वीस, पन्नासला पन्नास. काट्यात काही खोट नव्हती. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसांनी काट्यावर खापर फोडून मन शांत केलं असतं. आम्हाला ती सोय नव्हती.

मी त्याच्याकडे बघत राहायला लागले. तो माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचा तेव्हा गादीतून हवा निघाल्याचा फुस्स आवाज यायचा, तो येईनासा झाला. मौनीच्या गाडीवर तो मागे बसला की गाडी खाली दबायची. आता तो बसला की मौनी मागे वळून खात्री करून घ्यायचा. आणि मौनी, जो सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याशीही गप्पा मारतो, तो हल्ली दादाला सोडून परत आला की कोपऱ्यात जाऊन नुसता बसायचा.

वहिनीचा फोन दुपारी आला. आवाज खाली.

"वन्सं, एक विचारू? हसू नका. हे पलंगावर पडतात ना, तेव्हा गादी दबत नाही. चादरीला सुरकुतीसुद्धा पडत नाही."

आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं उत्तम. शेवटी डॉक्टरांनी त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं. आकडा आला एकेचाळीस. डॉक्टरांनी काट्याला पायाने हलकेच ठोकरलं.

"बिघडलेला दिसतोय," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "अरे, तुम्हीच ना ते काटेवाले? बघा की जरा."

मिस्त्री बरोबर होते. त्यांनी पेटी उघडली, हातमोजे घातले, आणि डॉक्टरांच्या देखत काटा तपासला. सगळी वजनं परत पेटीत ठेवून ते म्हणाले, "काटा बरोबर आहे, डॉक्टर." त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी तसा ऐकला नव्हता.

मी म्हणाले की पोर्टल आजच बंद करते. दादा म्हणाला, "काटा झाकून ठेवला म्हणून मापात घट थांबते का, छोटे? राहू दे. निदान कळतं तरी." मग म्हणाला, "मला वाऱ्याची भीती वाटते गं. रस्ता ओलांडताना खांब धरून उभा राहतो."

त्यानंतर त्याने खिशात वजनं ठेवायला सुरुवात केली. पेटीतली प्रमाण वजनं, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, उघड्या हातांनी उचलून. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि मान फिरवली. धावून गेले नाहीत.

नोंदी आता मंगळवारची वाट बघत नव्हत्या. २२.७०. १३.१५. एका सोमवारी सकाळी, ४.८५. शेरा, 'काम चालू'.

त्या दिवशी मी मौनीला वहिनीकडे पाठवलं आणि मिस्त्रींना दादाजवळ मागच्या खोलीत बसवलं. दोन खोल्यांमधलं दार उघडं ठेवलं. मिस्त्रींनी ओट्याजवळच्या चाकाच्या खुर्चीत दादाला बसवलं होतं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, गप्पा मारताना माणूस ठेवतो तसा. फक्त ते तो हात काढत नव्हते.

मी संगणकासमोर बसले. जतन झालेली नोंद बदलता येत नव्हती, ती अट माझीच होती. पण भरत असतानाची नोंद जतन झालेली नसते. एवढी एकच फट मला दिसत होती. बसून राहायचं, फॉर्म उघडला की बघायचं. मी चहा घेतला नाही, उठले नाही, फोन उचलला नाही. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचा पंप मधूनमधून सुरू व्हायचा आणि थांबायचा. खिडकीतून टेबलावर ऊन आलं, कीबोर्डवर सरकलं, पुढे गेलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फॉर्म उघडला.

माझे हात मांडीवर होते.

ग्राहकाचा रकाना तसाच सोडून कर्सर खाली आला. ठेवलेलं वजन ओलांडून पुढे गेला. 'दिसलेलं वजन' या रकान्यात थांबला आणि लुकलुकत राहिला. बराच वेळ. मग एक आकडा उमटला.

०

मी पुढे झुकले आणि तो पुसला.

काही झालं नाही. पंप सुरू झाला, थांबला. मग पुन्हा, सावकाश, पहिल्याइतक्याच सावकाश, शून्य उमटलं. त्याच्यापुढे टिंब.

मी पुसलं. आणि पुसताना मला कळलं की कीबोर्डची बटणं कोमट आहेत. सगळी नाहीत. दोनच. शून्याचं आणि टिंबाचं.

"छोटे," आतून दादाचा आवाज आला. नेहमीसारखाच, जरा नवल वाटल्यासारखा. "पाय टेकत नाहीयेत गं."

"धरून ठेवा!" मी ओरडले.

"धरलंय," मिस्त्री म्हणाले.

शून्य. टिंब. शून्य.

मी पुसायला बोट ठेवलं, तर ते बटण मी दाबायच्या आधीच खाली गेलं. शांतपणे. माझ्या बोटाखाली कुणाचं तरी बोट असावं तसं. आणि मी पुसलेलं नसताना माझ्यादेखत रकाना रिकामा झाला. जणू खात्री करून घेऊन, नीट, पहिल्यापासून लिहायचं होतं.

शून्य.

त्याला घाई नव्हती. मला होती.

मी शून्य पुसलं. आठवलं ते लिहिलं. ७९. शेऱ्याच्या रकान्याखाली आधी लिहिलेल्या शब्दांची यादी उघडली, पहिलाच शब्द 'स्थिर'. तो निवडला. टिंब माझ्या आकड्यापुढे उमटत असतानाच मी 'जतन करा' दाबलं.

आतून धाडकन आवाज आला. खुर्चीचं एक चाक मोडून दारातून घरंगळत माझ्या खोलीत आलं.

"आई गं!" दादा कळवळला. "कंबर मोडली माझी!"

त्याच्यापेक्षा गोड शब्द मी आयुष्यात ऐकले नाहीत. आत गेले तर तो जमिनीवर पसरला होता, खिशातली वजनं चहूकडे, आणि मिस्त्री शेजारी बसून लहान मुलासारखे रडत होते. आम्ही दोघांनी मिळून त्याला उठवला. उठवताना आमच्या दोघांच्याही हातांना रग लागली. मी वहिनीला फोन केला आणि नुसतं म्हणाले, "आला." ती काही न विचारता रडायला लागली.

त्याच संध्याकाळी पोर्टल बंद केलं. मदतकेंद्राच्या बाईने सगळ्या नोंदी कायमच्या काढून टाकल्या आणि तसं लेखी पाठवलं. संगणक भंगारात दिला. आम्ही चिठ्ठ्यांवर आलो. मौनी पुन्हा बोलायला लागला. पहिले काही दिवस आम्ही ते कौतुकाने ऐकलं. वहिनी म्हणाली, गादी दबते. दादाचे गुडघे पुन्हा दुखू लागले आणि तो दुखणं येणाऱ्याजाणाऱ्याला आनंदाने सांगू लागला.

महिन्याभराने मिस्त्रींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. दादा नुकताच काट्यावरून उतरून हात धुवायला गेला होता.

"एकोणऐंशी," ते म्हणाले.

"मग बरंच आहे की."

"एकोणऐंशी, शून्य, शून्य," मिस्त्री म्हणाले. "काल जेवायच्या आधी एकोणऐंशी शून्य शून्य. जेवल्यावर तेच. गेल्या आठवड्यात तीन दिवस ताप होता, अन्नाचा कण नव्हता पोटात, तेव्हाही तेच. गोल आकडा."

आम्ही दोघं काट्याकडे बघत राहिलो. मी म्हणाले, "फरक पडत नाही म्हणजे चांगलंच." मिस्त्रींनी फडकं घेतलं आणि काट्याचा पाटा पुसायला लागले. तो स्वच्छच होता. दादाला आम्ही सांगितलं नाही. वहिनीलाही नाही.

गेल्या रविवारी दादाची मुलगी सासरहून राहायला आली, दीड वर्षाच्या लेकीला घेऊन. लेकीला आजोबांचं ऑफिस दाखवायचं म्हणून सगळेच आले. जिना चढताना पोरगी मीच कडेवर घेतली आणि दोन ठिकाणी थांबून दम खाल्ला. अकरा किलोंच्या वर असेल, माझा अंदाज सहसा चुकत नाही. वर आल्याबरोबर ती हात पसरून आजोबांकडे झेपावली. दादा तिला घेऊन खोलीभर फिरला, पितळी वजनं दाखवली, मग मोठ्या काट्यासमोर थांबला.

"बघू आमची ठकी किती भरते," असं म्हणून तो तिच्यासकट पाट्यावर चढला. तिने खाली लुकलुकणाऱ्या आकड्यांकडे बोट दाखवून टाळ्या पिटल्या.

आकडे थांबले. ७९.००.

दादा तिच्या गालाला गाल लावून हसत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मिस्त्रींच्या हातातलं फडकं ओट्यावर जिथल्या तिथे थांबलं.

"दादा, दे इकडे तिला," मी म्हणाले. आवाज साधा ठेवला.

त्याने ती माझ्या हातात दिली. मी घेतली, तर हातांना भार लागलाच नाही.

"वन्सं, दमाल हं," दारातून वहिनी कौतुकाने म्हणाली. "जड झालीये आता ती."

"हो," मी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून ठेवलं.